सीलबंद बॉनेटमधली चोरी

१

महादेवरावांच्या अँबॅसेडरमधून ताकद चोरीला गेली, ही बातमी सोमवारी सकाळी धरमपेठेत दुधाच्या आधी घरोघरी पोचली.

गाडीतून पेट्रोल चोरीला जातं, स्टेपनी जाते, एखादा शौकीन आरसाही उचकटून नेतो. पण बाकी सगळं जागच्या जागी ठेवून नुसती ताकद नेणारा चोर १९७३ सालापर्यंत तरी नागपुरात जन्माला आला नव्हता. महादेवराव मात्र ठाम होते. अबकारी खात्याचे सुपरिंटेंडेंट म्हणून त्यांनी उभा जन्म हातभट्ट्यांवर धाडी घालण्यात काढला होता. गुन्हा झाला की नाही हे आपल्याला नुसत्या वासावरून कळतं, असं ते सांगत, आणि निवृत्त झाल्यावर जरा जास्तच सांगत.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी जबलपूरहून त्यांचे जुने वरिष्ठ मनोहरराव आले होते. या माणसासमोर महादेवराव नोकरीत कधी खुर्चीवर टेकले नव्हते. त्यांना मोठ्या हौसेनं सेमिनरी हिल्स दाखवायला नेलं, तर अर्ध्या चढावर गाडीनं मान टाकली. मग दोघे साहेब मागून गाडी ढकलायला लागले, आणि ड्रायव्हर नत्थू स्टिअरिंगवर बसून "आनखी थोडा जोर लावा जी" म्हणत राहिला. कुणीतरी स्टिअरिंग धरायलाच हवं होतं, त्यात त्याचा काही दोष नव्हता. पण मनोहररावांच्या पांढऱ्या पॅन्टला लागलेला चिखल महादेवरावांच्या काळजाला लागला. घरी आल्यावर फाटकात उभं राहून त्यांनी नत्थूला "चोर" म्हटलं, ते पार कोपऱ्यावरच्या नळापर्यंत ऐकू गेलं.

सकाळी त्यांनी गोपाळरावांना बोलावणं धाडलं.

गोपाळराव एका विमा कंपनीचे मोटार सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या पाहायच्या आणि मालक किती खोटं बोलतोय ते ठरवायचं, हा त्यांचा धंदा. लॅम्ब्रेटावर ते बसले की स्कूटर दिसेनाशी होई, एवढा त्यांचा देह. पाना-स्क्रूड्रायव्हरला ते हात लावत नसत. गाडीपेक्षा माणूस उघडणं सोपं, आणि खाताना तर तो आपोआपच उघडतो, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून ते शक्यतो जेवणाच्या सुमारास चौकशीला जात.

"चोर कोण ते मले माहीत आहे," महादेवराव व्हरांड्यात येरझारा घालत म्हणाले. "नत्थू. गाडी दुसऱ्या कोणाच्या हाती नसते. हा आतला काहीतरी ओरिजिनल पार्ट काढून विकून राहिला. फक्त कोणता, ते तुम्ही सांगा. शनिवारी मी रिपोर्ट लिहिणार, आणि त्याच दिवशी याची खोली खाली."

नत्थू बंगल्यामागच्या खोलीत बायकोसह राहत होता. नोकरी गेली की छप्परही जाणार होतं, आणि चोर म्हणून निघालेल्या ड्रायव्हरला नागपुरात दुसरी गाडी कोण देणार?

"आजपर्यंत किती वेळा झालं असं?" गोपाळरावांनी विचारलं.

"ही तिसरी खेप. सदरच्या गोविंदा मिस्त्रीकडे गाडी नेली की घोड्यासारखी पळते. चार दिवसांत पुन्हा गाढव. म्हणून या खेपेला मी बंदोबस्त केला होता." महादेवरावांनी त्यांना पोर्चमध्ये नेलं.

बॉनेटच्या ओठावरून खालपर्यंत एक पांढरी फीत ताणून लावली होती. तिच्यावर लाल लाखेचं गोल गरगरीत सील होतं, जप्त केलेल्या दारूच्या पिंपावर असावं तसं.

"मागच्या सोमवारी गोविंदानं गाडी आणून दिली, तेव्हाच पंचांसमक्ष लावलं. आणि पाहा. सील शाबूत आहे."

गोपाळरावांनी सील पाहिलं, मग महादेवरावांकडे पाहिलं. बॉनेट कुणीही उघडलं नव्हतं, आणि तरीही चोरी झाली होती.

२

पंच दोनच होते, गोविंदा मिस्त्री आणि खुद्द आरोपी नत्थू. ज्याला पकडायचं त्यालाच पंच करण्यात महादेवरावांना काही गैर वाटलं नव्हतं. उलट त्यानं पंचनामा पक्का होतो, असं ते म्हणाले.

गोपाळराव नत्थूच्या खोलीकडे गेले. तो दाराशी उकिडवा बसून उजव्या अंगठ्याला खोबरेल लावत होता.

"काय झालं गा अंगठ्याले?"

"भाजला जी. मागच्या सोमवारी." नत्थूनं फोड आलेला अंगठा पुढे केला. "साहेब म्हनले, तू पंच आहेस. आता पंच म्हटलं तं अंगठा द्यावा लागते. माया आज्यानं दिला, बापानं दिला. म्या बी देल्ला, लाखेवर. लाख गरम होती ना बाप्पा! हा एवढा खड्डा पडला त्या सीलमधी. साहेब बोंबलले, 'भैताडा, तुले सही येते ना?' येते जी. पन सही कागदावर करत असतेत, लाखेवर कशी करू?"

आत भागीरथा, त्याची बायको, ट्रंकेत कपडे भरत होती. तिनं पाहुण्याकडे वळूनही पाहिलं नाही. चहाचं कुणी विचारलं नाही, तेव्हा गोपाळरावांना प्रकरणाचं गांभीर्य पुरतं कळलं.

दुपारी गोविंदा मिस्त्री आला. महादेवरावांनी स्वतःच्या हातानं सील कापलं. कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात त्यांचा पितळी शिक्का अजूनही लटकत असे. कापलेलं सील गोपाळरावांनी रुमालात बांधून खिशात टाकलं. मग महादेवराव दुपारच्या झोपेला गेले आणि गोविंदानं बॉनेट उघडलं.

इंजिनच्या डोक्यावरचं पत्र्याचं झाकण काढून त्यानं आत बोट घातलं, एक पातळ पातं सरकवून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"झालं ना जी! आठीचे आठी टॅपेट आवळून ठेवले कोनीतरी. मागच्या दोन खेपीले बी असंच होतं."

"मला समजेल असं सांग."

"वॉल्व्ह म्हंजे दार समजा. गॅस आत येते एका दारानं, धूर जाते दुसऱ्या दारानं. हे दार कधी उघडाचं, कधी लावाचं, त्याचं टायमिंग असते. त्याच्या डोक्यावर कागदाएवढी जागा मोकळी सोडा लागते, काहून का लोखंड तापलं म्हंजे फुगते. टॅपेट आवळून ती जागाच नाही सोडली तं दार वेळेच्या आंधी उघडते, उशिरा लागते, मंग लागतच नाही. पावसाळ्यात किवाड फुगते ना, तसं. थंडी असली का गाडी मस्त, गरम झाली का सारी ताकद उघड्या दारातून भाईर."

"हे महादेवरावांना सांगितलं होतंस?"

"साहेबाले कायले एवढं पुरान सांगू? टायमिंग बिघडलं म्हटलं, पुरे. गिऱ्हाइकाले तेवढंच बरं वाटते."

"आणि हे आवळायला कारागीर लागतो?"

"नाही जी. एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर. पंधरा दिवसांमागं म्याच दाखवलं होतं. साहेबांनी विचारलं, हा टकटक आवाज कायचा? म्या म्हटलं, टॅपेटचा. इकडं पिळलं का बंद, तिकडं पिळलं का चालू. साहेब, गिरिधरभाऊ, नत्थू, तिघंबी वाकून पाहून राहिले होते."

"म्हणजे बरोबर बसवलं की आवाज येतो?"

"थोडा येतेच. नाही आला तं समजा का गाडी बिमार हाय."

गोपाळरावांनी रुमालातलं सील काढून उन्हात धरलं, पुन्हा रुमालात बांधलं आणि गोविंदाला म्हणाले, "गाडी बरी कर. पण शनिवारपर्यंत कुणाला काही सांगू नको." मग त्यांना स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला आणि ते तिकडे वळले.

३

रुखमाबाईंनी पाटवडीचा रस्सा केला होता. या महादेवरावांच्या पत्नी. चौकशी नवऱ्याची चालली आहे की नत्थूची, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. ऐकायला माणूस मिळाला, एवढ्यावर त्या खूश होत्या.

"गाडीची ताकद जाऊ द्या हो भाऊजी, आमचंच जिणं मुश्किल होऊन राहिलं. गुरुवारी समोरच्या कुसुमताई आणि मी रमी खेळून राहिलो होतो. नुसत्या गमतीनं, पैशानं नाही. एवढा डाव रंगला, आणि पाहते तर हे दारात उभे! पत्ते पदराखाली घालायलेही सवड नाही. कुसुमताई तर घाबरून आमच्या देवघरात जाऊन बसल्या."

"पहिले कळत नव्हतं का, हे आले ते?" तिसरी वडी घेत गोपाळराव म्हणाले.

"कळे ना! गाडी कोपऱ्यावर वळली की टकटक-टकटक ऐकू ये. तोवर पत्ते उशीखाली आणि हाती जपमाळ. आता मेली मांजरीवानी येते. अधेमधे दोन-तीन दिवस आवाज येतो, की पुन्हा मुकी."

वर गच्चीवर गिरिधर भेटला. हा महादेवरावांचा मुलगा, लॉ कॉलेजात शिकणारा. गोपाळरावांचा पहिला संशय यानंच ओढवून घेतला होता, कारण ही धूड गाडी काढून फियाट घ्या, असा त्याचा महिनाभर घोशा चालला होता. जुनी गाडी चढावर बसवली की नवी येईल, हा हिशेब कुठल्याही वकिलाला सुचला असता.

"मी? काका, मी काहून करीन?" गिरिधर उखडला. "शुक्रवारी बाबांनी मला इथंच सिगारेटसकट पकडलं. गाडीचा आवाज आला असता तर पकडला गेलो असतो का? तो टकटक आवाज म्हणजे आमची घंटा होती. फियाट मागतो, पण घंटा बंद करायला मी येडा नाही."

संध्याकाळी गोपाळरावांनी नत्थूला पुन्हा गाठलं. "गाडी मुकी झाली तेव्हा तुला बरं वाटलं असेल. आवाज नाही, कटकट नाही."

नत्थूनं इकडेतिकडे पाहिलं. "खरं सांगू का जी? साहेबाले नका सांगू. कोपऱ्यावर आलो का मी मुद्दाम न्यूट्रल करून अ‍ॅक्सिलेटर देत होतो. टकटक जोरानं झाली पाहिजे, बाईले ऐकू गेली पाहिजे. बाई माया थाळीत दोन वड्या जास्तीच्या टाकत. गाडी मुकी झाली तवापासून वड्या बंद. गुरुवारी बाई म्हनल्या, 'नत्थू, तू बी फितूर झालास.'"

लॅम्ब्रेटाला किक मारताना गोपाळराव स्वतःशीच हसले. पत्नीला आवाज हवा होता, मुलाला हवा होता, ड्रायव्हर तर आवाजावर जेवत होता. मग तो बंद व्हावा असं वाटणारा त्या घरात उरला कोण?

उत्तर त्यांना मिळालं होतं, पण ते जिथे बोलून दाखवायचं होतं, तिथलं जेवण त्यानंतर बंद होण्याची दाट शक्यता होती. या विचारानं त्यांना शुक्रवारी रात्रभर झोप आली नाही.

४

शनिवारी गोविंदासकट सगळे व्हरांड्यात जमले. नत्थूची ट्रंक पायरीशी आणून ठेवलेली. महादेवराव टेबलाशी रिपोर्ट लिहायला बसलेले, पेनात शाई भरून तयार.

"बोला गोपाळराव. कोणता पार्ट विकला यानं?"

"पार्ट सगळे जागेवर आहेत. कुणीतरी टॅपेट आवळले होते, तेही सीलच्या आतून. म्हणजे एक तर सील लागण्यापूर्वी आवळले, नाहीतर सील काढून पुन्हा लावलं. सील लागल्यावर दोन दिवस गाडी टकटक करत होती, असं वहिनी सांगतात. गुरुवारी मुकी झाली. म्हणजे सील निघालं होतं."

"अशक्य! शिक्का माझ्या कमरेला असतो."

"नत्थू, अंगठा दाखव."

नत्थूनं दाखवला. फोडाची साल निघून खाली गुलाबी कातडी दिसत होती.

"सोमवारी लागलेल्या सीलमध्ये या अंगठ्याचा खड्डा होता. गोविंदानंही पाहिला होता. आणि हे आपण कापलेलं सील." गोपाळरावांनी रुमाल सोडला. लाख चकचकीत, सपाट होती, कुठे खड्डा ना ओरखडा. "हे दुसरं सील आहे महादेवराव. फार सुबक लावलंय. लाखेचं असं काम खात्यात मुरलेल्या माणसालाच जमतं."

महादेवरावांच्या पेनातून रिपोर्टच्या कागदावर शाईचा मोठा थेंब पडला.

"ते पहिलं सील घाणेरडं दिसत होतं," ते शेवटी म्हणाले. "पंचाचा अंगठा म्हणजे काही... पण मी ताकदीला हात लावला नाही! मी फक्त तो आवाज बंद केला. टायमिंग वेगळं, आवाज वेगळा."

"एकच हाय जी," गोविंदा कळवळून म्हणाला. "म्याच नीट सांगितलं नाही, चुकलंच मायं."

"म्हणजे तिन्ही खेपेला..." महादेवराव उभे राहिले आणि पुन्हा बसले. आपणच मुद्देमाल नेला, आपणच पंचनामा केला आणि भलत्याच माणसाला पकडलं, हे उभ्या नोकरीत त्यांच्या हातून घडलं नव्हतं.

"पण आवाज काहून बंद केला?" रुखमाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आमच्यावर धाडी घालायले? मी काय घरात मोहाची भट्टी लावली होती?"

गोपाळरावांनाही तेच वाटत होतं. निवृत्त माणसाची हौस, दुसरं काय. पण महादेवरावांनी मान खाली घातली आणि ज्या आवाजात ते आजवर कधी बोलले नव्हते, त्या आवाजात म्हणाले,

"धाड नव्हती वं ती. मी फाटकाशी आलो की आतून हसण्याचा आवाज येत असे. दारात पोचेपर्यंत बंद. तू जपमाळ घेऊन बसलेली, गिरिधर पुस्तकात डोकं घालून. सारं घर कोर्टासारखं गप्प. मले वाटलं, गाडी चूप आली तर हसणं चालू असताना तरी आत पाय पडेल."

"आणि आत येऊन काय केलं तुम्ही?" रुखमाबाई म्हणाल्या, पण आवाज मऊ झाला होता. "बोंबललेच ना?"

"सवय," महादेवराव म्हणाले. "आत पाय पडला की तोंडातून तेच निघते."

त्यांनी रिपोर्टचा कागद फाडला आणि नत्थूकडे वळले. "नत्थू, तू चोर नाहीस. ट्रंक आत ने. झालं गेलं विसरून जा."

नत्थू जागचा हलला नाही. साहेबासमोर एवढं लांबलचक बोलायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"साहेब, तुमी मले चोर म्हनले ते फाटकात उभं राहून म्हनले. भागीरथा तवा नळावर होती. साऱ्या बाया तिच्याकडं पाहत होत्या. तवापासून ती तिथी जात नाही जी, पार पलीकडल्या गल्लीतून पानी आनून राहिली. आता तुमी व्हरांड्यात बसून 'चोर नाही' म्हनता, ते तिथलोग कसं जाईन?"

गिरिधर काहीतरी बोलणार होता, पण आईनं त्याचा हात दाबला. महादेवराव उठले. चपला न घालता अंगणातून चालत गेले आणि दोन्ही हातांनी फाटक धरून उभे राहिले.

"नत्थू चोर नाही!"

नळावरच्या बायकांनी माना वळवल्या. समोरच्या घराच्या खिडकीतून कुसुमताई डोकावल्या. "काय म्हनलं जी?"

"नत्थू चोर नाही!"

"मंग कोन होय?"

महादेवरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "मी!"

हे मात्र सबंध गल्लीला ऐकू गेलं. रुखमाबाईंना हसू फुटलं, मग गिरिधरला, मग गोपाळरावांचं पोट हलायला लागलं. महादेवरावांनी भिवया चढवून गर्रकन मागे पाहिलं. नेहमीसारखी सगळी गप्प होतील, असं त्यांना वाटलं असावं. पण रुखमाबाई खांबाला धरून डोळे पुशीत हसत राहिल्या, आणि पाहता पाहता महादेवरावांच्या भिवया आपोआप खाली आल्या.

"कशाची चोरी केली जी तुमी?" कुसुमताईंचं अजून समाधान झालं नव्हतं.

महादेवरावांनी पुन्हा श्वास भरून घेतला. तेवढ्यात मागच्या खोलीतून भागीरथा रिकामी कळशी कमरेवर घेऊन आली आणि फाटकाशी त्यांच्यापाशी थांबली.

"राहू द्या जी साहेब," ती म्हणाली. "पोचलं."

आणि फाटक उघडून ती कोपऱ्यावरच्या नळाकडे गेली.